टेपचं दुसरं टोक

वसमतला पोचलो तेव्हा मोंढ्यात हळदीचा लिलाव चालू होता,
जीप पिवळी झाली, साहेबांचा शर्टसुद्धा.
पांडागळे साहेब म्हणाले, कऱ्हाळे, फायली झाका.
मी ओढणीखाली घेतल्या.
शुश्रूषागृह नोंदणी, नूतनीकरण.
तीन ठिकाणं, एक दिवस.

पहिलं, बियाण्याच्या दुकानावर.
पाटी : सकाळी या, संध्याकाळचा चहा आपल्या घरी.
हर्निया, मूळव्याध, गाठी, मोतीबिंदू.
माझं काम टेपचं दुसरं टोक अंगठ्याखाली दाबायचं,
साहेब आकडा बोलले की टोक सोडून लिहायचं.

जिना दोन फूट नऊ इंच, आणि मधेच वळण.
स्ट्रेचर खाली कसं नेता?
डॉक्टर हसले. पेशंट चालतच जातो की हो,
म्हणून तर डे-केअर.
आणि नाहीच चालला तर?
दारातला पोरगा म्हणाला, मी नेतो ना पाठीवर.
शेख अफरोज. वॉर्डबॉय, जनरेटरवाला, रात्रीचा चौकीदार.
मी लिहिलं : कर्मचारी, एक.

पिवळी पिशवी, लाल पिशवी,
दोन्हींच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत.
दरपत्रकाला हात लावला तर बोटाला निळा रंग आला.
ऑक्सिजन : एक, भरलेला.
नंबर चव्वेचाळीस सतरा, मानेजवळ पोचा,
पोच्यात शेंदूर,
खंडेनवमीला कुणी लावला असेल.

दुसरं, बसस्टँडच्या मागं.
तिथं पंखा चालू करून ठेवला होता, पेढे होते.
ऑक्सिजन : एक, भरलेला.
मानेजवळ पोचा.
साहेबांनी शेंदूर पाहिला. मी साहेबांना पाहिलं.
लिहा, आहे.
आहे, असं लिहिलं.
खोटं कुठं होतं, होताच तो.

जेवायला न थांबता आम्ही तिसऱ्याकडं गेलो.
हे त्यांनी धरलं नव्हतं.
टेबलावर आंबा चोंढीच्या कौसाबाई,
एका डोळ्यावर हिरवं कापड,
दुसरा आमच्यावर.
ऑक्सिजन?
रस्त्यात आहे साहेब, येतंच असंल.
कोन आलंय गं, कौसाबाईनं विचारलं.
सरकार आलंय, सिस्टर म्हणाली.
मंग बसाया द्या की त्याह्यला, उभं कामून ठेवलं.

आम्ही बसलो. स्टुलावर, खरंच.
मग जिन्यात लोखंड वाजलं,
एक पायरी, थांबून दुसरी.
अफरोज वर आला, सिलिंडर खांद्यावर,
कपाळावरची हळद घामानं ओघळलेली.
आम्हाला बघून त्यानं तो हळूच खाली ठेवला
आणि नंबर भिंतीकडं वळवला.
हितं बी तूच का रे?
तिन्हीकडं मीच, साहेब. पेट्रोल त्यांचं, गाडी माझी.

परतताना साहेब बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, बंद करू, मला काय.
ही बाई मग नांदेडला जाईल, नाहीतर जाणारच नाही,
नातवाच्या बोटाला धरून चालेल.
आपल्या उपजिल्ह्याचा भूलवाला मार्चात बदलून गेला,
थिएटरची चावी अजून सापडायची आहे.
आपल्या कचेरीतल्या आग विझवायच्या टाकीवरची तारीख
बघितली का तुम्ही कधी?
बघितली होती. दोन हजार सोळा.
पावसाळ्यात तिच्यावर आम्ही छत्र्या अडकवतो.

शेऱ्याचा रकाना कोरा ठेवा, उद्या बघू.

रात्री पोरगी झोपल्यावर फायली काढल्या.
पहिल्या शेऱ्यात लिहिलं, सिलिंडर क्र. ४४१७.
दुसऱ्यात तेच.
तिसऱ्यात तेच, आणि त्याखाली :
जिना दोन फूट सात इंच, पाठीवरून आला.
पाठीला नोंदणी लागते का, ते कलम शोधत बसले,
दोनदा वाचलं, नाही सापडलं.

कडेला माझा अंगठा उमटला होता, पिवळा.
खोडरबरानं आणखी पसरला.
साहेब विचारतील, हे काय.
हळद आहे म्हणेन.